शनिवारच्या सरावाची सूचना

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनो, फरशीवर उड्या मारून बेरीज शिकवण्याच्या सरावासाठी शनिवारी सकाळी ९ वाजता कोथरूडच्या नेहमीच्या हॉलवर या. प्रत्येकी २ खडू आणा. उड्या आपल्यालाच मारायच्या आहेत, तेव्हा कपडे सुटसुटीत हवेत.

फरशीवर ३० सेंमीच्या ११ चौकोनांची एक पट्टी आखायची, ० ते १०. शून्य गाळू नका. ३ + ४ साठी मूल ३ वर उभं राहून ४ उड्या मारतं. घोटाळा इथेच होतो: ज्या चौकोनावर उभं आहे त्यालाच ते ‘एक’ म्हणतं आणि ६ वर थांबतं. लगेच ‘चुकलं’ म्हणू नका. उडी मारून पाय टेकले की मगच ‘एक’ म्हणायला लावा. मुलं अनवाणी हवीत, मोज्यांवर घसरतात. एका पट्टीवर ५-६ मुलंच ठेवा, नाहीतर बाकीची नुसती रांगेत ताटकळतात.

येणार असाल तर गुरुवारपर्यंत ग्रुपवर कळवा.