बाबांची शेडची वही

प्रिय आई-बाबा,

परवा आई फोनवर म्हणाली की शेजारच्या काकू विचारत होत्या, पोरीचे एवढे सायटेशन झाले म्हणता तर तिला पैसे किती मिळतेत, आणि मला तेव्हा फोनवर काही धड सांगता आलं नाही म्हणून हे लिहितेय. बाबा, तुम्ही आईला मोठ्याने वाचून दाखवा.

पैसे एक रुपया पण मिळत नाही. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी लॅबमधल्या माणसाने आपल्या पेपरात, म्हणजे छापलेल्या संशोधनाच्या लेखात, लिहायचं की हे मी अमक्याच्या कामावरून घेतलं. बाबा, तुमची डाईंगमधली शेडची वही आठवा. प्रत्येक पानावर सुताचा तुकडा चिकटवलेला, शेजारी रंग किती, कॉस्टिक किती, हायड्रो किती. दुसऱ्या कारखान्यातली माणसं घरी यायची, चहा प्यायची, पानं उतरवून न्यायची, आणि तुम्ही कधी कुणाला नाही म्हणला नाहीत. तुमच्या त्या मरून शेडच्या चादरी कुठं कुठं गेल्या असतील पण तुमचं नाव कुठेच लागलं नाही. आमच्यात ते नाव लिहावं लागतं, एवढाच फरक.

माझा निकेल धातूवरचा पेपर ११२ जणांनी साईट केलाय. मागच्या रविवारी बसून मी ते सगळे वाचले. बहुतेकांनी सुरुवातीलाच दहा नावांच्या रांगेत माझं पण नाव टाकलंय, काहींनी तर पेपर उघडून पाहिलाय का असं वाटतं. पण ९ जणांनी शेवटी प्रयोगाच्या भागात लिहिलंय की हे कंपाउंड आम्ही ह्यांच्या पद्धतीने बनवलं. म्हणजे त्यांनी माझं पान उतरवून घेतलं, तसंच करून बघितलं आणि ते जमलं. मला ते ९ मोठे वाटतात. रात्री झोप नाही लागली आनंदाने.

धातू आणि कार्बन यांचा थेट बाँड असतो त्याला ऑर्गनोमेटॅलिक म्हणतात. आमची बरीचशी कंपाउंड हवेत टिकत नाहीत, म्हणून सगळं काम नायट्रोजन नाहीतर आर्गॉन भरलेल्या काचेच्या पेटीत हात घालून करायचं. तुम्ही व्हॅटच्या रंगाबद्दल सांगायचात ना, हौदात हवा लागली की रंग फिरतो, सूत बाहेर काढल्यावरच हवा लागू दे, ते मी सहावीत ऐकलेलं आणि पहिल्या दिवशी लॅबमध्ये तेच आठवलं. सरांना वाटलं ही कुठून तरी शिकून आलीय.

आमच्या विषयातलं एक उदाहरण सांगते. १९५१ मध्ये अमेरिकेत कीली आणि पॉसन यांना दुसरंच काहीतरी बनवताना केशरी खडे मिळाले, तेच फेरोसीन. त्यांनी त्याची रचना चुकीची लिहिली होती, पुढच्याच वर्षी दुसऱ्यांनी बरोबर दाखवली, कार्बनच्या दोन चकत्या आणि मधे लोखंड, दोन भाकरींच्या मधे चटणी असते तसं. १९७३ चं नोबेल त्या दुसऱ्यांपैकी विल्किन्सन आणि फिशर यांना मिळालं. तरी कीली-पॉसनचं नाव आजही घ्यावंच लागतं कारण खडे त्यांनी काढले. मला हे फार न्यायाचं वाटतं.

आणि बाबा, तुमची बीपीची लोसार्टन, ती बनवायच्या एका पद्धतीत जपानच्या सुझुकींची रिअ‍ॅक्शन वापरतात, पॅलेडियम नावाच्या धातूने होणारी, त्यांना २०१० मध्ये नोबेल मिळालं. त्यांनी तिचं पेटंट घेतलं नव्हतं, ज्याला पाहिजे त्याने वापरावी म्हणून. हे वाचलं तेव्हा मला तुमची वहीच दिसली. पॅलेडियम महाग म्हणून मी ते काम निकेलवर करतेय.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी इंटरव्ह्यूला माझा एच-इंडेक्स ११च आहे म्हणून पाच मिनिटांत उठवलं. म्हणजे माझे ११ पेपर असे की प्रत्येकाला निदान ११ सायटेशन. औषधांवर, कॅन्सरवर काम करणारे लोक हजारोंनी असतात, त्यांचे आकडे भराभर वाढतात, आमची माणसंच थोडी. एकानेही पेपर उघडून काय केलंय ते विचारलं नाही. तेव्हा मी रडले होते, आता नाही काही वाटत, त्या ९ जणांनंतर तर नाहीच.

गड्ड्याच्या यात्रेला येतेय, हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय. आई, शेंगा चटणी जरा जास्त कर, लॅबमधली पोरं मागतात. आणि बाबा, वही माळ्यावरून काढून उन्हात ठेवा, पानं चिकटली असतील तर ओढू नका, मी आल्यावर सोडवते. सगळ्या पानांचे फोटो काढायचेत, आणि कुठला शेड कुठल्या साली जमला ते तुमच्या तोंडून लिहून घ्यायचंय, तुमच्या नावासकट.

तुमची,
छोटी