तेल आधी की मध्यवर्ती बँक?

संपादक महोदय,
स. न.

तेलसंपन्न देशांविषयीच्या बातम्यांत साठे आणि दरडोई उत्पन्न ठळक छापलेले असते. मी ३१ वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काढली. त्यामुळे मी वेगळाच आकडा शोधत राहतो: तिथल्या बँका खासगी उद्योगांना कर्ज किती देतात?

कर्जाच्या कागदावर सही करताना तारण तर मी बघायचोच, पण खरा भरवसा लागायचा तो इतर गोष्टींचा. परतफेड होईल तेव्हा पैशाला किंमत उरलेली असेल, कर्ज थकले तर न्यायालयात दाद मिळेल, सरकार मध्येच नियम फिरवणार नाही. हे सगळे राज्यव्यवस्थेने द्यायचे असते. ज्या सरकारची तिजोरी तेलाने भरते, त्याला करासाठी जनतेकडे जावे लागत नाही. मग उद्योग वाढावेत, न्यायालये वेळेत चालावीत, यासाठी त्याच्यावर दबाव कुणाचा?

व्हेनेझुएलात १९२२ साली माराकायबो सरोवराकाठी तेल उसळले, तेव्हा सत्ता गोमेझ या हुकूमशहाच्या हाती होती. मध्यवर्ती बँक स्थापन झाली १९३९ मध्ये. पुढे २००५ मध्ये कायदा बदलून त्याच बँकेची ‘जादा’ ठरवलेली गंगाजळी सरकारी निधीकडे वळवण्यात आली. नंतर महागाईने पैशाची किंमत इतकी घसरली की चलनावरची शून्ये उडवावी लागली: २००८ मध्ये तीन, २०१८ मध्ये पाच, २०२१ मध्ये सहा. एकूण चौदा. मुदत ठेवीच्या पावत्या हाताने लिहिलेल्या माणसाला हा हिशेब वाचवत नाही. त्या पावत्यांमागे कुणाचे तरी म्हातारपण असते.

नॉर्वेची मध्यवर्ती बँक १८१६ची आणि राज्यघटना त्याआधी दोन वर्षांची. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडले १९६९ मध्ये. म्हणून नॉर्वे चुकलाच नाही असे मुळीच नाही. १९८०च्या दशकात तिथल्या बँकांनी बेसुमार कर्जे वाटली, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि पुढच्या काही वर्षांत मोठ्या बँका सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या. भागधारकांचे पैसे बुडाले, ठेवीदार मात्र वाचले. तेलाचे उत्पन्न साठवणाऱ्या सरकारी निधीचा कायदा झाला १९९० मध्ये. पैसा परदेशातच गुंतवायचा, आणि २००१च्या नियमानुसार सरासरी वर्षाला निधीच्या सुमारे चार टक्केच खर्च करायचे. २०१७ मध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांवर आणले गेले. हातात पैसा असताना मर्यादा खाली आणणारे सरकार मला आदरणीय वाटते.

तेव्हा एक विनंती. तेलसंपन्न देशांची तुलना छापताना दरडोई उत्पन्नाशेजारी आणखी एक रकाना द्यावा: खासगी क्षेत्राला दिलेले कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या किती टक्के आहे. जागतिक बँकेच्या आकडेवारीत तो आकडा देशवार मिळतो.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी