सुभेदारी दिली होती, राज्य नव्हे

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील न्यूझीलंडवरचा लेख मन लावून वाचला. त्यात 'माओरींनी १८४० च्या तहाने आपले राज्य ब्रिटनच्या राणीच्या स्वाधीन केले' असे वाक्य आहे. माओरी म्हणजे तिथले मूळ रहिवासी. मी तीस वर्षे दिवाणी दाव्यांसाठी मोडी आणि मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे केली. हे वाक्य मला सोडून देववत नाही. ते तहाच्या इंग्रजी प्रतीत आहे. बहुतेक माओरी सरदारांनी ज्या प्रतीवर निशाणी केली, तिच्यात नाही.

४ फेब्रुवारीला राणीचा प्रतिनिधी कॅप्टन हॉब्सनने इंग्रजी मसुदा हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याच्या हाती दिला. त्याने आणि त्याच्या मुलाने रातोरात माओरी भाषांतर केले. पाच तारखेला सरदारांची वादावादी झाली आणि सहाला वाइतांगी या ठिकाणी सह्या! एक साधे खरेदीखत नीट उतरवायला मला दोन दिवस लागत.

इंग्रजीच्या पहिल्या कलमात सार्वभौम सत्ता सोडल्याचे लिहिले आहे. माओरीत तिथे 'कावानातांगा' आहे. 'गव्हर्नर'चा 'कावाना' करून मिशनऱ्यांनी घडवलेला हा शब्द. माओरी बायबलात रोमचा सुभेदार पिलात हा 'कावाना'. आपल्या भाषेत सुभेदारी. आणि दुसऱ्या कलमात जमिनी, गावे व सगळ्या ठेव्यावरची 'तिनो रांगातिरातांगा', म्हणजे सरदारांची पुरती सत्ता, त्यांच्याकडेच ठेवली आहे. ऐकणाऱ्याने काय समजावे? राणीचा सुभेदार येईल, उच्छाद मांडणाऱ्या गोऱ्यांना आवरेल, आपले आपल्याकडे राहील. बरे, सार्वभौमत्वाला शब्द नव्हता म्हणावे, तर १८३५ च्या माओरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात त्यासाठी 'मना' हा शब्द आलेलाच आहे. पाच वर्षांनी तो का गळला, हा प्रश्न मला सतावतो. सुमारे ५४० सरदारांनी सह्या केल्या. इंग्रजी प्रतीवर त्यांतले फक्त ३९.

एक शब्द गळला की काय होते ते मी जवळून पाहिले आहे. एका दाव्यात मूळ मोडी कागद मुदतखरेदीचा होता. मुदतीत रक्कम फेडली की जमीन परत. आधीच्या भाषांतरात 'मुदत' गेली आणि नुसती खरेदी उरली. मी कागद पुन्हा वाचून दाखवला, तेव्हा त्या घरातले म्हातारबा आजोबांच्या नांगराच्या निशाणीवर बोट ठेवून म्हणाले, "गहाण टाकली होती ओ, विकली नव्हती."

मुलीकडे वेलिंग्टनला गेलो असता राष्ट्रीय ग्रंथालयात वाइतांगीचा मूळ कागद पाहिला. अंधाऱ्या खोलीत, काचेखाली, उंदरांनी कुरतडलेला. अनेक सरदारांनी सहीच्या जागी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणातली रेघ काढली होती. मला तो नांगर आठवला, आणि तिथून बराच वेळ पाय निघेना.

पुढचे सांगायला जड जाते. सर्वांत आधी सही करणाऱ्या होने हेके या सरदारानेच १८४५ पर्यंत कोरोरारेकाच्या टेकडीवरची इंग्रजांची झेंडाकाठी चार वेळा पाडवली. १८६० च्या दशकात लढाया झाल्या आणि एकट्या वाइकातो प्रांतात सुमारे बारा लाख एकर जमीन जप्त झाली. १८७७ मध्ये न्यूझीलंडच्या मुख्य न्यायाधीशांनी तहच निरर्थक ठरवला. तक्रारी ऐकायला वाइतांगी न्यायाधिकरण आले ते १९७५ मध्ये. फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्यांनी सार्वभौमत्व सोडले नव्हते, असा निष्कर्ष त्याने २०१४ मध्ये दिला.

तेव्हा पुढच्या रविवारी कृपया दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर पहिल्या कलमाची इंग्रजी आणि माओरी वाक्ये, दोन्हींच्या मराठी अर्थासह, शेजारी शेजारी छापली तरी पुरे. शब्दांची छाननी करून द्यायला मी तयार आहे.

— एक निवृत्त न्यायालयीन अनुवादक, सातारा