वॉर्निंग आली की पुसून टाकायची?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

धोलेऱ्याला चिपचा कारखाना येतोय, साणंदला चिपचं पॅकेजिंग आलंय, इंजिनिअरिंगच्या पोरांना आता संधीच संधी, अशा बातम्या तुमच्या पेपरात आठवड्याआड वाचतो आणि बरं वाटतं, पण त्याच पोरांच्या लॅबमधे काय चालतं ते गेला महिनाभर घरात बसून बघितलं म्हणून हे पत्र. मी मकरपुऱ्याला कंट्रोल पॅनलच्या टेस्टिंगमधे नोकरी केली, आता रिटायर. भाची इथेच बडोद्यात एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव घेत नाही. तिचं प्रोजेक्ट म्हणजे तापमानाचा सेन्सर, दोन व्होल्टेजांत मोठं कुठलं ते सांगणारा कम्पॅरेटर, पुढे मोजणारा काउंटर, आणि सेन्सरचं व्होल्टेज ८ बिटच्या आकड्यात आणायचं. सगळं आधी कॉम्प्युटरवर, एनजीस्पाइस नावाच्या सर्किटची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममधे चालवून बघायचं.

रन केलं की वॉर्निंगांचा पाऊस. सिंग्युलर मॅट्रिक्स, चेक नोड अमुक (नोड म्हणजे सर्किटातला वायरी जुळतात तो सांधा). मग टाइमस्टेप टू स्मॉल. तिने गाइड सरांना विचारलं तर उत्तर आलं, एरर नाहीये ना, चालशे. आणि ग्रुपवर एका मित्राने दोन ओळी पाठवल्या, ह्या टाक, सगळं गप्प होतं. झालंही गप्प! ग्राफ अगदी गुळगुळीत. "मामा, ग्राफ तर येतोय ना?"

पहिली ओळ होती आरशंट. म्हणजे सर्किटमधल्या प्रत्येक ॲनालॉग नोडपासून ग्राउंडपर्यंत एक मोठ्ठा रेझिस्टर आपोआप लागतो. आता सिंग्युलर मॅट्रिक्स का येतं, तर एखाद्या नोडला ग्राउंडपर्यंत डीसीचा रस्ताच नसतो, मांजा तुटलेल्या पतंगासारखा तो नोड लटकतो आणि त्याचं व्होल्टेज किती हे गणिताला ठरवता येत नाही. हिच्याकडे असे दोन नोड होते. एक दोन कपॅसिटरच्या मधला, तिथे विचार करून १ गिगाओहम लावला की काम झालं. दुसरा कम्पॅरेटरचा एक इनपुट, ज्याला वायर जोडायचीच राहिली होती! आरशंटने दोघांनाही एकाच मापाने गप्प केलं, इनपुट ग्राउंडला जाऊन बसला आणि कम्पॅरेटर जन्मभर एकच उत्तर देत राहिला. ग्राफ गुळगुळीत होता तो ह्यामुळे.

दुसरी ओळ रेलटॉलची. तो मुळात ०.००१ असतो, म्हणजे ०.१ टक्क्याची चूक चालेल, मित्राने केला ०.१, म्हणजे १० टक्के. आता हिचा सप्लाय १.८ व्होल्ट आणि ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १.८ ला २५६ ने भागा, एक पायरी साधारण ७ मिलिव्होल्टची, अर्धा टक्काही नाही, आणि मोजायला घेतलेली फूटपट्टी १० टक्क्यांची. किराणा दुकानातला काटा तरी बरा म्हणायचा.

टाइमस्टेपची भानगड वेगळी निघाली. ॲनालॉगवाला घसरगुंडीवरून येतो, डिजिटलवाला जिन्यावरून, आणि दोघांची गाठ पडते ब्रिजवर, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या भाषेत करणाऱ्या भागावर. तिथे डिजिटलकडून येणाऱ्या सिग्नलला चढायला वेळच दिला नव्हता, जवळजवळ शून्य, म्हणून ॲनालॉगवाला वेळेची पावलं, म्हणजेच टाइमस्टेप, लहान लहान करत शेवटी अडकला. १ नॅनोसेकंद दिला, चालू झालं. निरोपात नोडचं नाव लिहिलेलं होतं हो, कोणी वाचलंच नव्हतं.

आणि खरी गंमत पुढेच. वायर जोडली, दोन्ही ओळी काढल्या, वॉर्निंग एकही नाही, तरी काउंटर मोजेना. ॲनालॉगकडून डिजिटलकडे नेणारा ब्रिज कुठल्यातरी ५ व्होल्टच्या सर्किटातून कॉपी केलेला, ३.५ व्होल्टच्या वर गेलं तरच १ समजणार, आणि हिचा सप्लाय १.८. शून्य बरोबर दिसायचा, १ च्या जागी कायम अज्ञात. ते सुधारलं तर एक रेझिस्टर भलताच करंट खायला लागला. १ मेगाओहम म्हणून तिने १एम लिहिलं होतं. स्पाइस हा बर्कलेचा १९७० च्या दशकातला, पंचकार्डांच्या काळातला प्रोग्राम, त्याला लहान एम आणि मोठा एम एकच, दोन्ही मिली, म्हणजे हजारावा भाग. मेगासाठी एमईजी लिहायचं. १.८ व्होल्टवर १ मिलिओहम म्हणजे १८०० अँपिअर, आख्खा दांडिया बाजार अंधारात जाईल! ह्यावर आमच्या स्क्रीनवर साधी एक सूचना आली नाही. म्हणजे जिथे प्रोग्राम ओरडून सांगतो तिथे त्याचं तोंड बंद करायचं आणि जिथे तो बोलतच नाही तिथे ग्राफवर विश्वास ठेवायचा, असं चाललंय.

म्हणून तुमच्यामार्फत इंजिनिअरिंगच्या मास्तरांना एक विनंती आहे, जर्नलमधे नुसता ग्राफ नको, रनचा लॉगही, म्हणजे प्रोग्रामने दिलेले सगळे निरोप, चिकटवून घ्या, आणि पहिली वॉर्निंग काय होती आणि तिचं काय केलं एवढं दोन ओळीत लिहायला लावा. पहिलीच, कारण मागच्या पुष्कळशा तिच्यामुळेच येतात. मार्क कापायचे असतील तर आरशंट दिसला आणि कारण लिहिलं नाही तिथे कापा.

भाचीने रिपोर्टला लॉगची चार पानं जोडली होती, ती एक्स्ट्रा आहेत म्हणून काढायला सांगितली गेली. तिने काढली नाहीत. व्हायवा पुढच्या गुरुवारी आहे.

आपला,
दांडिया बाजारातला एक जुना वाचक, बडोदे