शेजारच्या प्रार्थनेसाठी एका नास्तिकाचे गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी नवी मुंबईत नेरूळला राहतो. इथल्याच टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यातून निवृत्त झालो आहे आणि देव मानत नाही. हे आधीच सांगतो, कारण गेल्या रविवारी पोलीस ठाण्यात सगळं घोडं याच गोष्टीवर अडलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. ताई नर्स आहेत, मूळच्या नगरकडच्या. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दहा-पंधरा माणसं जमतात, पेटीवर मराठी भजनं म्हणतात, बायबल वाचतात, चहा घेऊन आपापल्या घरी जातात. लाउडस्पीकर नसतो. वरच्या मजल्यावरही आवाज जात नाही. गेल्या रविवारी बाहेरून आलेली पोरं बुटांसकट आत घुसली. "इथे धर्मांतर चाललंय" असा आरडाओरडा सुरू झाला. पेटीचा भाता फाडला, एका म्हाताऱ्या बाईच्या हातातलं पुस्तक हिसकावलं, रडणाऱ्या लेकरांच्या तोंडासमोर मोबाईल धरून शूटिंग केलं. पोलीस आले आणि जीपमध्ये बसवलं ते प्रार्थना करणाऱ्यांना. रात्री उशिरापर्यंत त्यांचेच जबाब चालले होते. घुसणारे ठाण्याच्या गेटवर घोषणा देत उभे होते, त्यांना कोणी नाव-गावसुद्धा विचारलं नाही.

मी साक्ष द्यायला गेलो. साहेबांनी विचारलं, "काका, तुम्ही त्यांच्यातले का?" म्हटलं, नाही, मी नास्तिक आहे. "मग तुम्हाला काय पडलंय? घरी जा, उगाच बीपी वाढवू नका." माझा जबाब घेतलाच नाही. याच ठाण्याने आधी धमकी आली तेव्हा 'रविवारी दोन शिपाई पाठवतो' असा शब्द दिला होता. ते शिपाई आजवर कोणाच्या नजरेला पडलेले नाहीत.

मला काय पडलंय, ते आता आपणच ऐका.

माझी पत्नी गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे आम्ही देहदान केलं. दहावं नाही, तेरावं नाही. माझ्या सख्ख्या भावाने घरात पाऊल ठेवलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर चर्चा झाली की या माणसाने घर बाटवलं, आता बिल्डिंगला त्रास होणार. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे. चाळीस वर्षांची सोबत गेलेली, आणि मला उंबऱ्यात उभं करून विचारलं जायचं की तिच्या आत्म्याला शांती कशी मिळणार! त्या दिवसांत माझ्याकडे आलं कोण? तळमजल्याच्या ताई रोज ड्यूटीवरून येताना डबा ठेवून जायच्या. आणि चौथ्या मजल्यावरचे माळकरी आजोबा, ज्यांनी एकही आषाढी चुकवलेली नाही, ते संध्याकाळी येऊन माझ्याजवळ गप्प बसायचे. दोघांनीही मला 'देवाचं नाव घे' म्हटलं नाही. त्यांचा देव मला पटत नाही, आजही पटत नाही, आजोबांशी माझे कडाक्याचे वाद होतात. पण माझं न मानणं त्यांनी सांभाळलं. त्यांचं मानणं मी सांभाळू नये?

राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य एकाच वाक्यात आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच अनुच्छेदावर सांगितलं की माणसाला 'मला कोणताच धर्म नाही' म्हणायचा हक्क आहे आणि सरकार कोणत्याही अर्जावर त्याला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. म्हणजे मी ज्याच्या आधारावर जगतो, तोच आधार गेल्या रविवारी तळमजल्यावर तुडवला गेला. आज ताईंच्या दारात आलेली पोरं उद्या माझ्या दारात येणार नाहीत याची हमी कोण देणार? अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाला नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांना पुण्यात गोळ्या घातल्या. खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं, आणि पाचांतले तिघे सुटले.

काही नास्तिक मित्र मला म्हणतात, श्रद्धा मोडतेय तर मोडू दे. त्यांना मी अल्बानियाचं सांगतो. तिथल्या कम्युनिस्ट सरकारने १९६७ मध्ये मशिदी, चर्च सगळं बंद केलं, पाद्री आणि मौलवी तुरुंगात टाकले. १९९० मध्ये बंदी उठली आणि लोक पुन्हा प्रार्थनेला गेले. दंडुक्याने कोणी विवेकी झाला नाही. मला माणसं समजावून बदलायची आहेत, आणि त्यासाठी समोरचा निर्भय असावा लागतो.

जिथे इजा आहे तिथे कायदा लावाच. भोंदूबाबा बाईला मारतो, अंगारा देऊन पोराचा जीव घेतो, तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो किती ठाण्यांत कोणी उघडून वाचला आहे? रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. माझ्या खिडकीखाली रात्री अकराला डीजे वाजतो तेव्हा ठाण्यातून उत्तर येतं, "मिरवणूक आहे, समजून घ्या." व्यासपीठावर पुढारी बसलेले असतात. कर्णा लावणाऱ्याला संरक्षण आणि पेटी वाजवणाऱ्याला जीप! ही पोलिसांची एकट्याची चूक नाही. कोणाला दुखवलं की मतं जातात आणि कोणाला दुखवलं तर काहीच होत नाही, याचा हिशेब वरून खाली झिरपतो, तो शेवटी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर येतो. त्या हिशेबात ताई नाहीत, मीही नाही.

आता मागण्या. शांतपणे चाललेल्या उपासनेत व्यत्यय आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. १८६० च्या दंड संहितेतही तो होता, कलम २९६. घुसणाऱ्यांवर तो नोंदवा. माझा जबाब घ्या. ताईंची पेटी दुरुस्त करायचा खर्च ज्यांनी ती फाडली त्यांच्याकडून वसूल करा. आणि राज्यातल्या प्रत्येक ठाण्याला लेखी आदेश द्या की जमावाने तक्रार केली एवढ्यावर घरातली प्रार्थना थांबवायची नाही. त्या आदेशाची प्रत हातात पडेपर्यंत दर सोमवारी माझं पत्र आपल्या कार्यालयात येईल.

आपला,
एक नास्तिक नागरिक, नेरूळ