वरचे बारा तास

बाई, सादर नमस्कार.

सोशल वर्कचं लायसन्स परवा हातात पडलं. तुम्हाला सांगायला फोन लावला आणि नुसती रडत बसले, म्हणून आता लिहिते.

परीक्षा तीच, पदवी तीच, पण ओहायोची हद्द ओलांडली आणि मी कोरी झाले. एका राज्याचं लायसन्स दुसऱ्यातही चालावं म्हणून सोशल वर्कवाल्यांचा जो आंतरराज्य करार, त्याचा कायदा २०२३मध्ये मिसुरीने सगळ्यात आधी केला, तेव्हा तुम्ही ऑफिसात पेढे वाटले होते, आठवतं? पुढच्या एप्रिलमध्ये सात राज्यं झाली, करार कागदावर लागूही झाला. माझ्या नशिबी मात्र नेमकं करारात नसलेलं राज्य.

म्हणजे तुमच्या देखरेखीखाली भरलेले ते कामाचे ३००० तास पुन्हा सिद्ध करा. इथल्या ऑफिसातून दर वेळी एकच ओळ यायची, ‘कागदपत्रं अपुरी.’ कुठली, ते सांगायचं नाही. आपली जुनी संस्था बंद पडलेली. तिथल्या साहेबांना विचारलं तर त्यांना मी आठवेचना! दोन वर्षं शेजारच्या खोलीत बसत होते मी. सात महिने दुकानात कॅश काउंटरवर काढले. इथल्या देवळात एक आजी भेटल्या. आजोबा गेल्यापासून मराठीत कुणाशी मोकळं बोलल्याच नव्हत्या. ‘तुमच्याशी बोलायला माझ्याकडे या राज्याचा कागद नाही’ हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

आणि मग तुमचं पाकीट आलं. सही, नोटरीचा शिक्का, सगळं होतंच. पण मी धरून बसले ती वही. दर मंगळवारी माझे आठवड्याचे तास तुम्ही तिच्यात उतरवून घ्यायचात, त्या बारीक, तिरक्या अक्षरात. मधल्या एका पानावर चहाच्या कपाचं गोल. निवृत्त झाल्यावर तुम्ही घर लहान केलंत, पुस्तकंसुद्धा वाटून टाकलीत, आणि ही वही ठेवलीत! आत चिठ्ठी: ‘पुन्हा बेरीज केली. ३०१२ भरले. वरचे बारा तुझ्या हौसेचे.’

गुडघ्याला पट्टा बांधून बर्फातून नोटरीकडे दोनदा गेलात, हे तुमच्या लेकीकडून कळलं. तुम्ही कशाला सांगाल! खुर्चीत असताना मदत करणारे भेटतात हो. खुर्ची सुटल्यावर दुसऱ्याचे तास मोजत बसणारं माणूस मी एकच पाहिलं.

आजी सोमवारी अकराला येणार आहेत. वही मात्र परत पाठवत नाही, रागावू नका.

तुमची,
मंगळवारची विद्यार्थिनी