आई-बाबा, घराचं खरं काय झालं ते

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार. परवा मावशीकडून तुम्हाला उडत उडत कळलं आणि बाबा, तुम्ही लगेच फोन करून म्हणालात की एफडी मोडतो, कमी पडले तर मलकापूरचा प्लॉट काढतो, तेव्हा माझा आवाजच फुटेना म्हणून फोन ठेवला. रागावू नका. फोनवर मला हे सगळं सलग सांगता येणार नाही म्हणून रात्री बसून लिहितेय.

हो, खरं आहे. फेब्रुवारीत आम्हाला घर सोडायची नोटीस आली होती. आमची काही चूक नव्हती, एका महिन्याचंही भाडं थकलेलं नव्हतं, मालकाला घर विकायचं होतं एवढंच. इकडे इंग्लंडमध्ये तेव्हा कलम २१ म्हणून होतं, त्यात मालकाला कारणसुद्धा द्यावं लागत नव्हतं, दोन महिन्यांची नोटीस दिली की झालं. आणि जानेवारीतच ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलेलं. माझा शाळेतला टीचिंग असिस्टंटचा पगार तो केवढा, आणि दुसरं घर बघायला गेलं की एजंट म्हणायचे वर्षाचा पगार महिन्याच्या भाड्याच्या तीसपट दाखवा, नाहीतर इथलाच घरमालक असलेला गॅरंटर आणा, नाहीतर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा. अकरा घरं बघितली. अकराही ठिकाणी नाही.

कौन्सिलकडे जायचं हे मला पहिल्या तीन आठवड्यांत सुचलं नाही असं नाही, पण पाय उचलत नव्हता. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची नगरपालिका. मला वाटायचं तिथे जाऊन घर द्या म्हणणं म्हणजे हात पसरणं, आपल्या घरात कोणी असं केलेलं नाही, कराडला कळलं तर लोक काय म्हणतील. त्या तीन आठवड्यांचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण मी पहिल्या दिवशी गेले असते तर बरंच सोपं झालं असतं.

शेवटी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये गेले, तिथे फुकट सल्ला मिळतो. तिथल्या बाईंनी आधी नोटीसच तपासली, म्हणजे डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये ठेवलंय का, गॅसचं सर्टिफिकेट दिलंय का वगैरे, कारण ते नसतं तर नोटीस टिकली नसती. आमची टिकणारी होती. मग त्यांनी समजावलं की इंग्लंडमध्ये २०१७ चा एक कायदा आहे, २०१८ च्या एप्रिलपासून लागू झालेला, त्याप्रमाणे ५६ दिवसांच्या आत घर जाणार असेल तर कौन्सिलला लक्ष घालावंच लागतं. घर जायच्या आधीच. रस्त्यावर यायची वाट बघायची नसते. आणि तारीख झाली की मुकाट्याने घर रिकामं करून देऊ, कशाला कोर्टकचेरी, असं मी म्हणाले तर त्यांनी मला अक्षरशः हाताला धरून थांबवलं. म्हणाल्या, आपणहून घर सोडलंत तर कौन्सिल म्हणू शकते की तुम्ही जाणूनबुजून बेघर झालात, आणि मग मदतीचा बराचसा रस्ता बंद होतो. आई, आपल्या संस्कारात हे कुठे बसतं, नोटीस संपली तरी दुसऱ्याच्या घरात बसून राहायचं. पण राहिले.

मग कौन्सिलचा ऑनलाइन फॉर्म भरला आणि मुलाखत झाली. आम्हा दोघांना इथे कायम राहायची परवानगी आहे म्हणून आम्ही पात्र ठरलो. हे मुद्दाम सांगते कारण शेजारच्या गल्लीतलं पुण्याचं जोडपं वर्क व्हिसावर आहे, त्यांच्या व्हिसावरच लिहिलंय की सरकारी मदत नाही. त्यांना कौन्सिल घर देणार नाही, पण सल्ला मागायचा हक्क त्यांनाही आहे, आणि लहान मूल असेल तर १९८९ च्या मुलांच्या कायद्याखाली सोशल सर्व्हिसेसकडे जाता येतं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ती मुलगी रडायलाच लागली, तिला वाटत होतं आपल्याला विचारायचीसुद्धा सोय नाही.

मुलाखतीत पासपोर्ट, भाडेकरार, नोटीस, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, सगळं बघतात. ह्या भागाशी नातं आहे का तेही बघतात, म्हणजे इथे किती दिवस राहता, मूल कुठल्या शाळेत जातं. मग एक प्लॅन लिहून देतात, कौन्सिल काय करणार आणि आपण काय करायचं. घरात लहान मूल असेल तर प्रायॉरिटी मिळते, म्हणजे खरंच बाहेर पडायची वेळ आली तर तात्पुरती जागा द्यावीच लागते. एकट्यादुकट्या धडधाकट माणसाला ते मिळत नाही आणि मला हे अजिबात पटत नाही, बाहेर बाकावर बसलेले कितीतरी जण असेच परत गेलेले मी बघितले.

बाबा, आता तुमची गोष्ट. जुलैत आमचा ऑफिसर बदलला आणि नवीन माणूस म्हणाला, सिस्टीममध्ये तुमचा अर्जच दिसत नाही, पुन्हा पहिल्यापासून करा. तोपर्यंत घर रिकामं करायची कोर्टाची ऑर्डर आली होती. माझ्या पायाखालची जमीन सरकली. पण तुम्ही लहानपणापासून डोक्यात भरवलंय ना, अर्ज दिला की पोच घ्यायची, पोच नाही तर अर्ज नाही. मी मार्चपासूनचे सगळे ईमेल, रेफरन्स नंबर, कोणत्या तारखेला किती वाजता कोणाशी फोनवर बोलले ते सगळं एका वहीत लिहून ठेवलं होतं, फोन झाला की लगेच त्यांना ईमेल टाकायचा की आज तुम्ही असं असं म्हणालात. ती वही आणि तो मार्चचा ईमेल समोर ठेवला तर दहा मिनिटांत अर्ज सापडला. तुम्ही नगरपालिकेत घरकुलाच्या टेबलावर होतात तेव्हा दुपारी डबा द्यायला मी यायचे, बाहेर बायका मांडीवर पोरं घेऊन बसलेल्या असायच्या आणि तुम्ही डबा बाजूला ठेवून त्यांचे कागद लावून द्यायचात, मला तेव्हा राग यायचा की जेवत का नाहीत. ह्यावेळी मी त्या बाकावर होते.

एक गोष्ट मात्र चुकीची झाली. आम्हाला सांगितलं की बेलीफ, म्हणजे घर रिकामं करून घेणारा कोर्टाचा माणूस, येईपर्यंत घरातच राहा, मग बघू. सरकारच्याच मार्गदर्शक पुस्तिकेत आहे की सगळ्यांनाच असं सांगायचा शिरस्ता कौन्सिलने ठेवू नये. सल्लागार बाईंनी तसं पत्रही दिलं, पण काही उपयोग झाला नाही, त्यांच्याकडे द्यायला जागाच नव्हती. इंग्लंडभर आज एक लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या जागांमध्ये राहताहेत, त्यामुळे एकट्या त्या ऑफिसरला दोष देऊन काय होणार. पण कोर्टाचा खर्च आमच्या डोक्यावर बसला आणि पोरासमोर बेलीफ दारात आला, ते टाळता आलं असतं.

तो दिवस होता २ सप्टेंबर. आई, तू विचारलं होतंस ना, दरवर्षी पाच दिवसांचा गणपती असतो, यंदा दीड दिवसाचाच का. मी म्हणाले शाळेमुळे. खोटं बोलले. मला भीती वाटत होती की मूर्ती घरात असताना ते लोक आले तर. बादलीत विसर्जन केलं आणि त्याच रात्री भांडी बांधायला घेतली. गौरी बसवल्याच नाहीत, हे पण तुला सांगितलं नव्हतं.

नंतर पाच आठवडे हॉटेलच्या एका खोलीत. मूल असलेल्या कुटुंबाला सहा आठवड्यांपेक्षा जास्त तसल्या जागेत ठेवायचं नाही असा नियम आहे, मी भिंतीवर कॅलेंडर लावून दिवस मोजायचे. तिघांना दोन पलंग, किचन नाही, खाली एक मायक्रोवेव्ह सगळ्या मजल्यांना मिळून. शाळेला बसने सव्वा तास. तुमचा नातू एकदा म्हणाला, आई, आपण ह्या घरात पाहुणे आहोत ना, मग यजमान कुठेत. तेव्हाच माझा व्हिडिओ कॉलचा कॅमेरा बिघडला होता, आठवतंय? बिघडला नव्हता. मागची भिंत तुम्हाला दिसू नये म्हणून.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कौन्सिलनेच एका मालकाशी गाठ घालून दिली. डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं त्यांनी परस्पर मालकाला दिलं. कौन्सिलचं घर नाही हं हे, त्याच्या यादीत नंबर लागायला वर्षानुवर्षं जातात, हे साधं खासगी भाड्याचंच आहे, दोन छोट्या खोल्या आणि किचन, आणि भाड्याचा काही भाग सरकारी भत्त्यातून येतो. नोव्हेंबरपासून ह्यांनाही काम लागलंय, पगार आधीपेक्षा कमी आहे पण दर महिन्याला येतोय. पहिल्या दिवशी कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या आणि हा पठ्ठ्या वरणभाताची तीन ताटं खाऊन तिथेच सतरंजीवर झोपला. लक्ष्मीपूजन ह्याच घरात केलं.

आणि आता तो कायदाही बदललाय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नवा कायदा मंजूर झाला, २०२६ च्या १ मेपासून कलम २१ बंद, मालकाला कारण द्यावंच लागतं. घर विकायचंय हे कारण त्यातही चालतं, पण राहायला आल्यावर पहिलं वर्षभर तरी त्या कारणाने काढता येत नाही आणि नोटीस चार महिन्यांची लागते. आम्हाला तेव्हा ते चार महिने मिळाले असते तर खूप होते.

म्हणून बाबा, एफडी मोडू नका. प्लॉटला हात लावू नका, तो तुमच्या दोघांच्या म्हातारपणासाठी आहे, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तुम्हाला आधी सांगितलं नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतंय. तुमच्या काळजीपोटी नाही सांगितलं असं मी स्वतःला समजावत होते पण खरं तर लाज वाटत होती, आणि तुमच्यासमोर कसली लाज.

आई, मेतकूट संपलंय आणि गोडा मसालाही, कोणी येणारं असेल तर पाठव, नाहीतर राहू दे. रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला फोन करते, ह्यावेळी कॅमेरा चालू ठेवून, तुला किचन दाखवते. खिडकी छोटी आहे पण सकाळचं ऊन येतं.

तुमची,
ताई